अशक्त पेशींचा उपास

अमेरिकेतलं मॉरिसव्हिल तेव्हा नुसतं पाइनच्या झाडांचं आणि एका रेल्वे फाटकाचं गाव होतं. आता म्हणे तिथे पाणीपुरी मिळते. आमच्या वेळी कुठल्या दुकानात कोथिंबीर दिसली तरी बायका एकमेकींना फोन करायच्या. नवरा जवळच्या रिसर्च पार्कमध्ये इंजिनिअर होता. मी पुण्याहून बायोकेमिस्ट्रीचं एम.एस्सी. करून आलेली, आणि दिवसभर अपार्टमेंटच्या भिंतींकडे बघत बसलेली. माझा स्वभाव मुळात बसून राहण्याचा नाही. चिडचिड इतकी वाढली की शेवटी नवऱ्यानेच ओळखी काढून मला विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत नेऊन सोडलं. तिथे मी टेक्निशियन म्हणून चिकटले.

लॅबच्या प्रमुख एक अमेरिकन बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणायची, कारण शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखा त्यांनाही 'साधारण' हा शब्द खपत नसे. साधारण किती मिनिटं? साधारण किती थंड? असं त्या भुवया उंचावून विचारायच्या, आणि समोरचा गार व्हायचा. माझं मात्र त्यांच्याशी जमलं. चुका काढणारी माणसं मला परकी वाटत नाहीत.

त्यांचा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला पोरकट वाटला होता. पेशीला लोह लागतं. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं एक प्रथिन ते लोह वाहून आणतं. पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्या पातळ कातडीवर, ते धरून घेणारी दुसरी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ट्रान्सफेरिन येऊन रिसेप्टरला चिकटलं की तिथलं पटल आत खचतं, त्याची बारीकशी पिशवी होते आणि पेशीच्या पोटात जाते. आत आंबट वातावरण असतं. त्यात लोह सुटतं, आणि रिकामं ट्रान्सफेरिन घेऊन रिसेप्टर पुन्हा वर येतो. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये ही रीत पेशीला ठाऊक नाही, पण वाटी ती परत करते हे खरं. करावीच लागते. अशा पिशव्या सारख्या आत जात असतात. गेलेलं पटल परत आलंच नाही, तर काही तासांत पेशी स्वतःची सगळी कातडी गिळून बसेल. बाईंचा प्रश्न एवढाच होता, की हे परत पाठवतं कोण?

त्यांना वाटत होतं, परतीच्या वाटेवर एक ठरावीक प्रथिन काम करतं, आणि ते बिघडलं तर आत गेलेले रिसेप्टर आतच अडकून पडतात. त्यासाठी त्यांनी पेशींचा एक खास वाण मिळवला होता. त्यात नेमकं हे प्रथिन बिघडलेलं होतं. इनक्युबेटरची ऊब थोडी वाढवली की ते प्रथिन हात टेकायचं, आणि पेशी आकसून बशीवरून सुटायला लागायच्या. लॅबमध्ये त्यांना एक नंबर होता. मी त्यांना अशक्त म्हणायची आणि तुलनेसाठी ठेवलेल्या चांगल्या पेशींना धट्ट्याकट्ट्या. दोन्ही वाढवण्याचं काम माझं.

त्यांच्यावर प्रयोग करण्याचं काम नागपूरहून पीएच.डी. करून मुदतीच्या नेमणुकीवर आलेल्या एका पोस्टडॉकचं होतं. नवऱ्याशी त्यांची मैत्री पहिल्याच शनिवारी पत्त्यांवर जमली, त्यामुळे ते माझे भाऊजी झाले आणि मी त्यांची वहिनी. हुशार माणूस. बोलणं मऊ, हातात सफाई. आणि मायाळू इतका की वैताग यावा. डबा उघडला की आधी लॅबभर फिरवणार. झाडायला येणाऱ्या माणसाला अर्धं सँडविच दिल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "थोडं तरी घ्या" हे त्यांचं पालुपद होतं. मी म्हणायची, भाऊजी, तुम्ही चुकून सायन्समध्ये आलात, तुम्ही खानावळ काढायला हवी होती. ते हसायचे आणि माझ्या पुढ्यात अजून एक केळं ठेवायचे.

बायको नागपुरात होती. शाळेत गणिताची शिक्षिका, नोकरी कायमची. मुलगी लहान होती. हे निघाले तेव्हा रांगत होती, आता पळत होती म्हणे. भाऊजींची नेमणूक त्या वर्षीच्या उन्हाळ्यात संपणार होती. बाईंनी पुढची दोन वर्षं दिली तर बायको आणि मुलगी इकडे येणार, नाहीतर हे रिकाम्या हाताने तिकडे जाणार. आणि बाई देणार की नाही हे सगळं त्या अशक्त पेशी काय सांगतात यावर होतं.

प्रयोग सांगायला सोपा, करायला कंबरतोड. पेशी ज्या रसात वाढतात त्यात रक्तातला द्रव, म्हणजे सीरम असतो, त्यामुळे त्यातही ट्रान्सफेरिन असतं. म्हणून आधी तो रस काढून टाकायचा आणि पेशींना थोडा वेळ त्या वाढीव उबेत नुसत्या क्षारांच्या पाण्यात ठेवायचं. मी त्याला उपास म्हणायची. उपासाने सगळे रिसेप्टर मोकळे झाले की बशी बर्फावर ठेवायची. थंडीत सगळी ये-जा थांबते. मग किरणोत्सारी खूण लावलेलं ट्रान्सफेरिन घालायचं आणि ते किती चिकटलं हे यंत्रावर मोजायचं. जितकं चिकटलं तितके रिसेप्टर वर आहेत. अशक्त पेशींमध्ये ते कमी भरले, तर आत गेलेले परत आले नाहीत असा अर्थ. पेशी मी वाढवून द्यायची. उपासापासून पुढचं सगळं भाऊजी शीतगृहात दोन स्वेटर घालून एकटे करायचे.

त्या वसंतात आकडे यायला लागले, आणि काय देखणे आकडे! धट्ट्याकट्ट्या पेशी भरभरून मोजल्या जात होत्या आणि अशक्त पेशी त्यांच्या निम्म्याही नव्हत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कधी न हसणाऱ्या बाई जिन्यात सिगारेट ओढत एकट्याच हसताना मी पाहिल्या. एका परिषदेला त्यांनी निबंधाचा सारांश पाठवून दिला, आणि भाऊजींना म्हणाल्या, दोन वर्षांचं पत्र ऑफिसकडून येईल, काळजी करू नकोस.

भाऊजींनी आमच्याच घरून नागपूरला फोन केला. त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारी एक डॉक्टर राहत, त्यांच्याकडे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी बायको येऊन बसायची. तेव्हा आमच्याकडे सकाळ असे. लाइन अशी खरखरायची की सगळं ओरडून सांगावं लागे, आणि तिकडचं ओरडणं आमच्या स्वयंपाकघरात मलाही ऐकू येई. "राजीनामा देऊन टाक!" भाऊजी ओरडले. पुढच्या महिन्यात तिने ओरडून सांगितलं, की दिला. भाऊजींनी आमच्याच आवारात दोन खोल्यांचं अपार्टमेंट बघून ठेवलं. कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून एक तीनचाकी सायकल आणली आणि पार्किंगमध्ये बसून तिची चाकं घासूनपुसून काढली. माणूस सुखात कसा दिसतो ते मला त्या दिवसांत नीट बघायला मिळालं.

मग ती संकष्टी आली. मला सर्दीतापाने घेरलं होतं, पण उपास सोडायचा नाही हा माझा हट्ट. चंद्रोदय पुण्याचा धरायचा की इथला, ह्यावर नवऱ्याशी सकाळीच माझं वाजलं होतं. दुपारी लॅबच्या जेवणाच्या खोलीत मी नाक पुसत बसले होते. भाऊजींनी समोर दुधाचा थर्मास ठेवला.

"वहिनी, अंगात ताप आहे अन् उपास कायचा करून राहिल्या तुम्ही? आजाऱ्याला उपास नसते बाप्पा. आमची आई तर देवासमोर हात जोडून सांगायची, याचा उपास मी करीन, याला जेवू द्या."

"मी करीन माझं," मी म्हटलं.

"घ्या हो थोडं दूध. मी तर त्या अशक्त सेल्सनाही उपाशी नाही ठेवत. नुसत्या पाण्यात कशा आकसून जातात बिचाऱ्या. चिमूटभर अल्ब्युमिन टाकून देतो त्यांना. ते काही सीरम नाही, प्युअर प्रोटीन आहे. उपासाला चालते."

मी रुमाल खाली ठेवला. "कोणत्या पेशींना टाकता?"

"अशक्त आहेत त्यांना. चांगल्यांना काय गरज?"

"भाऊजी, ते अल्ब्युमिन काढतात कशातून?"

"माणसाच्या..." ते म्हणाले आणि थांबले. मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. अल्ब्युमिनची भुकटी माणसाच्या रक्तातूनच काढतात. कितीही निवडली तरी तांदळात खडा राहावा तसं त्यात थोडं ट्रान्सफेरिन राहतंच. म्हणजे अशक्त पेशींचे रिसेप्टर आत अडकलेले नव्हतेच कदाचित. ते वरच होते, पण त्या चिमटीतलं ट्रान्सफेरिन आधीच धरून बसलेले. आमचं खूणवालं ट्रान्सफेरिन आलं तेव्हा त्याला जागाच उरली नव्हती. भाऊजींच्या हातातलं थर्मासचं झाकण दुधासकट टेबलावर आडवं झालं. दोघांपैकी कुणीही ते पुसायला उठलं नाही.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू? एवढा शिकलेला माणूस, आणि बशीतल्या पेशींना आजारी नातेवाईक समजतो! पण तो राग टिकला नाही. कारण ही चूक कुणा आळशी किंवा लबाड माणसाची नव्हती. आमच्या घरांतून वाढलेल्या माणसाचीच ही चूक होती. तापात माझ्या पुढ्यात दूध ठेवणाऱ्याच हाताने ती केली होती.

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून पडताळून पाहिलं. धट्ट्याकट्ट्या पेशींना चिमूटभर अल्ब्युमिन दिलं, अशक्तांना कडक उपास घडवला. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. अल्ब्युमिन खाल्लेल्या धट्ट्याकट्ट्या एकदम अशक्त होऊन बसल्या होत्या, आणि अशक्त पेशी जवळजवळ धट्ट्याकट्ट्यांच्या आधीच्या आकड्यापर्यंत पोचल्या होत्या. भाऊजींनी पट्टी टेबलावर ठेवली आणि हाताने सपाट केली.

"बाईंना मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "हे तुमचं काम आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा." मी मनापासून बोलले होते. ऑफिसचं पत्र अजून यायचं होतं. गप्प बसायला त्यांना कुणी अडवत नव्हतं. पत्र आलं असतं, बायको आली असती, आणि मग सावकाश कधीतरी चूक सापडली असती. असं करणारे लोक मी पुढे पाहिले. त्यातले काही मोठ्या हुद्द्यांवर आहेत.

भाऊजी सरळ बाईंच्या खोलीत गेले. पट्टी दाखवायला मला बरोबर घेतलं, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी पट्टीवरचा एकेक आकडा बोट ठेवून तपासला.

"पण फक्त आजारी पेशींनाच का?" त्यांनी विचारलं. "दोन्हींना घातलं असतं तर निदान फरक तरी दिसला नसता."

भाऊजींनी इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला, की आमच्यात उपास असला तरी आजारी माणसाला खायला देतात, ते पाप धरत नाहीत. सांगता सांगता त्यांचा चेहरा पार उतरला. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"माझ्या आजीच्या घरी ईस्टरआधीच्या उपासात कुणालाच सूट नसायची," बाई म्हणाल्या. "मला गोवर आला होता तरी नव्हती. तुझ्या घरी वाढले असते तर बरं झालं असतं." मग त्यांनी आमच्यासमोरच फोन उचलला आणि परिषदेला पाठवलेला सारांश परत घेतला. फोनवर त्या चूक 'माझ्या लॅबची' म्हणाल्या, भाऊजींचा उल्लेख केला नाही. एवढ्यासाठी मी त्या बाईंना जन्मभर मानत आले आहे. फोन ठेवून त्या भाऊजींना म्हणाल्या, "दोन वर्षांचं पत्र मला आता देता येणार नाही. द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. नाताळपर्यंत कसंही करून तुला ठेवते. हा प्रयोग नीट कर. त्यापुढचं मला माहीत नाही."

नाताळपर्यंतच्या कच्च्या नेमणुकीवर बायको-मुलीला आणणं शक्य नव्हतं. म्हणजे दोन वाटा उरल्या. आत्ताच परत जायचं, किंवा तिला नोकरीविना तिकडे ठेवून अजून अर्धं वर्ष इथे काढायचं, तेही पुढे काही मिळेल याची खात्री नसताना. भाऊजी म्हणाले, मी आत्ताच जातो. तिच्या पायाखालची जमीन मी काढून घेतली, आता कोणत्या तोंडानं इथे थांबू?

पहिला शनिवार आला. नवरा मुद्दाम गाडी धुवायला खाली गेला. मी पोहे करायच्या निमित्ताने ओट्याशी उभी राहिले, कारण त्यांना एकट्याला सोडवेना. फोन बऱ्याच वेळाने लागला. भाऊजींनी ओरडूनच सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तिकडून आनंदाने काहीतरी आवाज आला. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तिचे सासू-सासरेही येऊन बसले होते, पासपोर्टचं काही झालं होतं, ते सांगायला. भाऊजींना सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं. आकडे चुकले. चूक माझी. मीच जाऊन सांगितली. पत्र येणार नाही. मी परत येतो. प्रत्येक वाक्य ओरडून, कारण हळू बोललं तर तिकडे पोचत नव्हतं. अशी गोष्ट माणसाला ओरडून सांगावी लागू नये.

मग तिचा आवाज आला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा.

"चूक सापडली, पण मग खरं काय आहे?"

"ते माहीत नाही अजून!" भाऊजी म्हणाले.

"मग ते पाहूनच या. अर्धवट टाकून येऊ नका. इकडचं मी पाहते."

"अगं, तुझी नोकरी..."

"इकडचं मी पाहते म्हटलं ना!" ती म्हणाली, आणि मुलीने आज काय काय खाल्लं ते सांगायला लागली.

भाऊजींनी फोन भिंतीवर अडकवला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. पोहे कढईला लागले तरी मला हलता आलं नाही. "रागावली असती तर बरं झालं असतं वहिनी," ते म्हणाले. "चार शब्द बोलली असती तर मोकळं वाटलं असतं."

ते थांबले. सबंध पावसाळी, दमट उन्हाळा आणि पुढचा गार काळ त्यांनी त्या शीतगृहात काढला. आता दोन्ही पेशींना सारखाच उपास घडे. नाताळच्या सुमाराला जे खरं होतं ते हातात आलं. बिघडलेल्या प्रथिनाच्या पेशींमध्ये रिसेप्टर अडकत नव्हते. ते परत यायचे, फक्त उशिरा यायचे. म्हणजे ते प्रथिन वाट अडवत किंवा उघडत नव्हतं, चाल ठरवत होतं. "उशीर हेही उत्तर आहे," बाई म्हणाल्या. छोटासा निबंध झाला. दोन वर्षांची नेमणूक मिळावी एवढा मोठा तो नव्हता. भाऊजी नवीन वर्षात परत गेले आणि नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवायला लागले.

दोन-तीन वर्षांनी आम्ही भारतात गेलो तेव्हा एका लग्नासाठी नागपूरला जाणं झालं. भाऊजींच्या घरी जेवायला गेलो. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाज मात्र ओळखीचा होता. कायमची नोकरी तिला पुन्हा मिळाली नव्हती. दुसऱ्या एका शाळेत वर्षावर्षाच्या बोलीवर शिकवत होती आणि सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेत होती. जेवणं झाल्यावर भाऊजी माझ्या नवऱ्याला घेऊन संत्रा बर्फी आणायला बाहेर पडले. आम्ही दोघीच उरलो, आणि मला राहवेना.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "त्या दिवशी फोनवर तुम्हाला राग नाही आला?"

"नाही कसा?" ती म्हणाली. "शाळेतून निरोपाचा नारळ अन् साडी घेऊन बसले होते मी घरी. फोन ठेवल्यावर डॉक्टरांच्या जिन्यातच बसून रडले. असा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता."

"मग बोलला का नाहीत काही?"

तिने ताटं एकावर एक रचली.

"ताई, इकडे माझ्या बाजूनं सगळं घर बसलं होतं," ती म्हणाली. "तिकडे ते एकटे होते. रागवायला काय, ते घरी आल्यावर सगळं आयुष्य पडलं होतं."